पर्यटकाचा रुपया जातो कुठे?

मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडली की भाईंदर पश्चिमेहून निघालेला रस्ता डोंगरीकडे वळतो. मागे मीरा-भाईंदरच्या इमारतींची दाटी, खाजणे आणि जुनी मिठागरे राहतात. पुढे ताडामाडांची झाडी, कौलारू घरे, रस्त्याकडेचे पांढरे क्रूस आणि पलीकडे अरबी समुद्र. या भूभागाला धारावी बेट म्हणतात. मुंबईतल्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही. बेटावरची डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली आणि चौक ही गावे मीरा-भाईंदर महानगरपालिकेत येतात, तर दक्षिणेकडची गोराई आणि मनोरी मुंबई महानगरपालिकेत. इथे पिढ्यान्‌पिढ्या कोळी, आगरी आणि मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती राहत आले आहेत.

एवढ्याशा पट्ट्यात पर्यटनाचे जवळजवळ सगळे प्रकार सापडतात. उत्तनच्या भाटेबंदरावर वेलंकनी मातेचे तीर्थस्थान आहे. चौकला धारावी किल्ल्याची जागा आहे; चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी आधी हे ठाणे घेतले आणि त्यानंतर वसई पडली. गोराईला विपश्यना पॅगोडा आहे. उत्तनच्या टेकडीवर रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत शिबिरे आणि परिषदा होतात. भाड्याने मिळणारे बंगले आहेत, समुद्रकिनारे आहेत, आणि देशात गाजलेले पण आता बंद पडलेले एक मनोरंजन उद्यानही आहे. म्हणून एखादा देश पर्यटनाने श्रीमंत होतो की नुसता थकतो, हे समजून घ्यायला मी हेच बेट निवडले आहे. मोठ्या आकड्यांमध्ये जे दडून जाते ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

मोठे आकडे मात्र आधी पाहून घेऊ, कारण सरकारे त्यांच्याच आधारे बोलतात. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. त्यांच्याकडून देशाला साधारण २ लाख ११ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन मिळाले. कोरोनाच्या साथीत, २०२० मध्ये, हीच संख्या २७ लाखांवर घसरली, २०२१ मध्ये १५ लाखांवर. देशांतर्गत पर्यटनाचा आकडा तर डोळे दिपवणारा आहे: २०१९ मध्ये २३२ कोटी भेटी. लोकसंख्या दीडशे कोटींच्या आत असताना भेटी २३२ कोटी कशा, असा प्रश्न पडेल. इथे माणसे मोजलेली नाहीत, भेटी मोजल्या आहेत. तोच माणूस वर्षातून तीनदा शिर्डीला आणि एकदा महाबळेश्वरला गेला तर हिशेबात चार वेळा येतो.

पर्यटन मोजणे मुळातच अवघड आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वह्यांत शेतीचे पान आहे, बांधकामाचे आहे, वाहतुकीचे आहे. पर्यटनाचे स्वतंत्र पान नाही. भाईंदर स्टेशनवर रिक्षात बसणारा माणूस कामाला चालला आहे की वेलंकनीला, हे रिक्षाच्या भाड्यावरून कळत नाही. या अडचणीवर जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी ‘टुरिझम सॅटेलाइट अकाउंट’ नावाचा उपाय काढला. वाहतूक, हॉटेल, खाणे, खरेदी अशा प्रत्येक क्षेत्रातला पर्यटकांनी खर्च केलेला वाटा वेगळा काढायचा आणि त्याची बेरीज करायची. भारतासाठी असा पहिला हिशेब २००२-०३ या वर्षाचा झाला. तो एनसीएईआर या संशोधन संस्थेने केला. अलीकडच्या हिशेबांनुसार साथीची वर्षे वगळता पर्यटनाचा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष वाटा देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्के भरतो, आणि रोजगारातला वाटा त्याहून बराच मोठा असतो. उत्पन्नापेक्षा रोजगाराचा वाटा मोठा, याचा सरळ अर्थ असा की या धंद्यात माणसे पुष्कळ लागतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या हाती थोडे पडते. हा मुद्दा उत्साहाने छापलेल्या माहितीपत्रकांत कधीच नसतो.

आता बेटावर येऊ.

मीरा रोडचे एक चौघांचे कुटुंब रविवारी उत्तनला निघाले आहे असे समजा. मोटारीत पेट्रोल भरले. वाटेत पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे घेतली. वेलंकनीला मेणबत्त्या लावल्या, किनाऱ्यावर फिरले, मुलांनी आइस्क्रीम खाल्ले. दुपारी घरगुती खानावळीत मासळीचे जेवण झाले आणि परतताना कोळणीकडून पावशेर सोडे आणि थोडे सुके बोंबील घेतले. चौघांचे मिळून दोन हजार रुपये खर्च झाले असे धरू.

यातला प्रत्येक रुपया वेगळ्या वाटेने जातो. पेट्रोलचा रुपया तेल कंपनीकडे आणि करांत गेला. उत्तनला त्यातले काहीच मिळाले नाही. पाण्याच्या बाटलीत आणि वेफर्सच्या पाकिटात टपरीवाल्याचा थोडा नफा राहिला, बाकीचा पैसा कारखान्याकडे गेला. आइस्क्रीमचेही तेच. खानावळीचा पैसा बराचसा गावात राहिला: मासळी इथली, तांदूळ-तेल बाहेरचे, रांधणारे हात घरातले. आणि सुक्या बोंबलांचा पैसा जवळजवळ पूर्ण गावात राहिला. पकडणारा गावचा, वाळवणारी गावची, विकणारीही गावची.

बाहेर जाणाऱ्या पैशाला अर्थशास्त्रात गळती म्हणतात. गावात राहिलेला पैसा पुन्हा गावात फिरतो. खानावळवालीने तो सुताराला दिला, सुताराने किराणावाल्याला. अशा फिरण्याने मूळ रुपयापेक्षा जास्त उत्पन्न तयार होते, त्याला गुणक म्हणतात. देशाच्या पातळीवरही हेच गणित चालते. एखाद्या छोट्या बेटराष्ट्रातल्या पंचतारांकित हॉटेलात गादीपासून गोमांसापर्यंत सगळे परदेशातून येत असेल, हॉटेलची मालकी परदेशी कंपनीची असेल आणि पर्यटक परदेशी विमानानेच उतरत असेल, तर त्या देशाच्या हाती पगार आणि थोडाफार कर एवढेच उरते. भारताचे नशीब बरे, कारण इथे अन्न, कापड, फर्निचर, मनुष्यबळ सगळे देशातच तयार होते. देश म्हणून आपली गळती कमी आहे. पण गावाची गळती ही वेगळी गोष्ट आहे, आणि उत्तनला तीच भोवते.

त्याच बेटावरचा दुसरा रुपया पाहा. कुणी शनिवार-रविवारसाठी तरणतलाव असलेला बंगला मोबाइलवरून ठरवतो. बंगल्याचा मालक बहुधा मुंबईत राहतो. आरक्षण करणाऱ्या संकेतस्थळाला दलाली जाते. हॉटेलांच्या धंद्यात ती साधारण पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या घरात असते. खाण्याचे सामान पाहुणे येतानाच मॉलमधून भरून आणतात. गावाच्या वाट्याला राखणदाराचा पगार, झाडलोट करणाऱ्या बाईची मजुरी आणि सोमवारी सकाळी कुंपणाबाहेर ठेवलेल्या बाटल्यांच्या पिशव्या. बंगल्यातल्या पाहुण्याने खर्च केला मीरा रोडच्या कुटुंबाच्या दसपट, पण गावात उरलेली रक्कम त्या मानाने फारच थोडी. म्हणूनच ‘जास्त खर्च करणारे पर्यटक आणा’ हे धोरण ऐकायला शहाणपणाचे वाटले तरी पैसा कुणाच्या दारात थांबतो हे पाहिल्याशिवाय ते मान्य करू नये, असे मला ठामपणे वाटते.

सुक्या बोंबलांपाशी थोडे थांबायला हवे, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. डोल जाळ्यात सापडलेला बोंबील बंदरावर उतरतो. बायका तो धुतात, निवडतात, आणि दोन-दोन मासे जबड्यात जबडा अडकवून जोडी करतात. ती जोडी बांबूच्या मांडवावर ताणलेल्या दोरीवर टांगायची. हे काम विलक्षण वेगाने चालते. बोलता बोलता हात चालू असतात आणि तासाभरात दोरीच्या दोरी भरून जाते. ऊन आणि समुद्रावरचा वारा मिळाला तर तीन-चार दिवसांत माल तयार. यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती फक्त किनाऱ्यालगतची मोकळी, उघडी, वाऱ्याला तोंड असलेली जमीन. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घर चालते ते अशा साठवलेल्या सुक्या मासळीवरच. आणि हीच मोकळी, वाऱ्याला तोंड असलेली, समुद्र दिसणारी जमीन रिसॉर्टवाल्यालाही हवी असते. सात-बाऱ्यावर बहुतेक ठिकाणी ती बोंबील वाळवणाऱ्या बाईच्या नावाने नसते. ती वापरात असते, वहिवाटीत असते, पण कागदावर ‘रिकामी’ दिसते. पर्यटन प्रकल्पांच्या नकाशांत किनारे नेहमी रिकामेच असतात.

आता या धंद्याची एक अंगभूत अडचण सांगतो. पर्यटनाचा माल साठवता येत नाही. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. पाळणा रिकामा फिरला किंवा भरलेला फिरला, त्याच्या देखभालीचा खर्च तोच. मागणी मात्र शनिवार-रविवारी, मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात एकदम उसळते आणि एरवी ओसरते. म्हणून या धंद्यात दर सतत वर-खाली होतात, कामगार हंगामी ठेवले जातात, आणि बांधकाम गर्दीच्या दिवसाच्या मापाने करावे लागते. उरलेले तीनशे दिवस ते अर्धे रिकामे असते.

एस्सेल वर्ल्डची गोष्ट या अंगाने पाहण्यासारखी आहे. १९८९ साली गोराईला हे उद्यान सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रात तसे काहीच नव्हते. पुढच्या दोन दशकांत शाळेची सहल म्हणजे एस्सेल वर्ल्ड, हे समीकरण मुंबईच नव्हे तर नाशिक-पुण्याच्या मुलांच्याही मनात पक्के झाले. बोरिवलीहून खाडी ओलांडून बोटीने जायचे किंवा भाईंदरहून उत्तनमार्गे रस्त्याने. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम आले. मग २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका हे नवे मनोरंजन उद्यान उघडले. पर्यटक तसा निष्ठावान नसतो; त्याला नवे हवे असते. २०२० ची साथ आली आणि गर्दीवरच जगणाऱ्या अशा जागांचा श्वास कोंडला. २०२२ मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाले.

भूगोलाचे अभ्यासक रिचर्ड बटलर यांनी १९८० साली पर्यटनस्थळाच्या आयुष्याचा एक आलेख मांडला होता. आधी थोडे हौशी लोक जागा शोधून काढतात. मग गावकरी स्वतः सोयी उभारतात. मग बाहेरचे भांडवल येते आणि गर्दी झपाट्याने वाढते. एका टप्प्यावर वाढ थांबते. पुढे एकतर नवे काही करून ती जागा पुन्हा उभी राहते किंवा ओसरत जाते. या आलेखात गावाच्या हाती सूत्रे असतात ती फक्त दुसऱ्या टप्प्यात, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिसऱ्या टप्प्यात ती बाहेर जातात, आणि चौथ्या-पाचव्या टप्प्यातली पडझड मात्र गावाच्याच पदरात येते.

तेहतीस वर्षे चाललेल्या उद्यानाशेजारी भाटेबंदरचे वेलंकनी तीर्थस्थान ठेवून पाहा. त्याची कुठे जाहिरात नाही. नवा पाळणा आणावा लागत नाही. भाविक तोच असतो आणि तो दर वर्षी, कधी दर महिन्याला येतो. ८ सप्टेंबरच्या सणाच्या सुमारास तर रस्ता भरून वाहतो. त्यात ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. भारताच्या देशांतर्गत पर्यटनाचा कणा तीर्थयात्रा हाच आहे: पंढरपूर, शिर्डी, तुळजापूर, कोल्हापूर. दरडोई खर्च थोडा, पण मागणी पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी, आणि फुले, मेणबत्त्या, खाणे विकणारे हात बहुधा जवळपासचे. पर्यटन धोरणे लिहिणाऱ्यांना हे पर्यटन फारसे चकचकीत वाटत नाही. एकदा त्यांनी रुपया कुठे थांबतो ते मोजून पाहावे.

गोराईचा पॅगोडा आणखी वेगळा. २००९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मध्ये एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे बसू शकतात. तिथली दहा दिवसांची शिबिरे विनाशुल्क, दानावर चालतात. साधकांचा मुक्काम दहा दिवसांचा, पण बाहेरचा खर्च जवळजवळ शून्य! मुक्काम वाढला की गावाचे उत्पन्न वाढते हा पर्यटनशास्त्रातला सर्वमान्य नियमही असा जागा पाहून तपासावा लागतो.

पाहुण्याचा खर्च जसा वाटला जातो तसा पाहुण्यामुळे होणारा खर्चही वाटला जातो, आणि तो वाटताना कुणी हिशेब मांडत नाही. मीरा-भाईंदर शहराला स्वतःचे धरण नाही. पाणी शहाड-टेमघर योजनेतून आणि एमआयडीसीकडून येते, आणि सूर्या प्रकल्पातून शहरासाठी दिवसाला २१८ दशलक्ष लिटरचा वाटा ठरला आहे. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. आज ती त्याहून कितीतरी जास्त आहे. अशा शहराच्या शेवटच्या टोकाला, नळाला पाणी बेताचेच येते तिथे, बंगल्यांचे तरणतलाव भरले जातात ते टँकरने किंवा विहिरीने. समुद्रकाठची विहीर जास्त उपसली की तिच्यात खारे पाणी शिरते. मग शेजारच्या वाडीतल्या भाजीच्या मळ्याचे पाणीही मचूळ होते. तरणतलावाच्या भाड्याच्या पावतीत हा खर्च कुठेच नसतो.

कचऱ्याची गोष्ट त्याहून कडू आहे. सगळ्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येतो. ज्या गावाकडे शहर रविवारी हवा खायला जाते, त्याच गावाकडे शहराच्या कचऱ्याच्या गाड्या रोज जातात. तिथल्या दुर्गंधीविरुद्ध, आगींच्या धुराविरुद्ध आणि शेतात उतरणाऱ्या काळ्या पाण्याविरुद्ध गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, हरित लवादापर्यंत दाद मागितली. किनाऱ्यावर पर्यटकांनी टाकलेले प्लास्टिक भरतीबरोबर आत जाते आणि मासेमारांच्या जाळ्यात परत येते. जाळ्यातले प्लास्टिक निवडून काढायला लागणारा वेळ कुणाच्या खात्यात लिहायचा?

खर्च ज्याच्यामुळे होतो त्याने न भरता दुसऱ्याच कुणाला भरावा लागतो, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. पर्यटनात हे सर्वांत जास्त घडते, कारण इथे विकली जाणारी मुख्य वस्तू, म्हणजे समुद्र, डोंगर, शांतता, ही विकणाऱ्याच्या मालकीचीच नसते. हॉटेलवाला खोली विकतो, पण खोलीचा भाव ठरतो तो खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रावर. समुद्राला कुणी भाडे देत नाही.

जमिनीच्या प्रश्नावर हे बेट दोनदा पेटून उठले. २००५ साली देशात विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला. त्यानंतर लगेचच गोराई-उत्तन परिसरात पर्यटन आणि मनोरंजनाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव आला. प्रस्तावित क्षेत्र साडेपाच हजार हेक्टरांहून मोठे होते. बेटावरची जवळजवळ सगळी गावे त्यात येत होती. कोळी, आगरी, ईस्ट इंडियन असे सगळे एकत्र आले. धारावी बेट बचाव समितीच्या नावाने लढा उभा राहिला. चर्चच्या पटांगणात सभा झाल्या, मच्छीमार संस्था उतरल्या. तो प्रस्ताव मागे पडला. मग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे एमएमआरडीएची, या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि गोराई-मनोरी-उत्तनच्या सुमारे ४३ चौरस किलोमीटरांसाठी मनोरंजन आणि पर्यटन विकासाचा आराखडा पुढे आला. त्यालाही गावांनी कडाडून विरोध केला.

या विरोधाला ‘विकासविरोधी’ म्हणणे सोपे आहे. पण गोव्यात १९८७ च्या सुमारास ‘जागृत गोंयकारांची फौज’ उभी राहिली आणि चार्टर विमानांनी उतरणाऱ्या पर्यटकांच्या हाती त्यांनी पत्रके ठेवली, तेव्हाही मुद्दा हाच होता: पाणी कुणाला, किनारा कुणाचा, जमीन कुणाच्या हाती. मच्छीमाराला पर्यटक नको असतो असे नाही. आपल्या बंदरावर आपण वॉचमन होऊ ही त्याची भीती असते, आणि कोकणपट्टीचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहता ती निराधार म्हणता येत नाही.

उलट उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तिथे तारकर्ली, देवबाग, मालवण या भागात पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने आणि लोकांच्या स्वतःच्या हिमतीने घराघरांत दोन-चार खोल्या उभ्या राहिल्या. जमीन विकण्याऐवजी खोली भाड्याने देता येते हे तिथल्या पिढीला दिसले. गर्दीचे प्रश्न तिथेही आहेतच, पण रात्रीच्या मुक्कामाचा पैसा बऱ्याच ठिकाणी घरमालकिणीच्या हातात पडतो. साताऱ्याच्या कास पठाराचा युनेस्कोच्या यादीत २०१२ मध्ये समावेश झाल्यावर फुलांच्या हंगामात अशी झुंबड उडाली की फुलेच चिरडली जाऊ लागली. तेव्हा वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी शुल्क लावले, आगाऊ नोंदणी सुरू केली आणि दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली. शुल्क गोळा करणारे, वाट दाखवणारे, गाड्या लावून घेणारे तरुण त्याच गावांतले.

उत्तनला असे का जमले नाही? मला याचे उत्तर कारभाराच्या रचनेत दिसते. कासला अधिकार असलेल्या गावसमित्या आहेत. माथेरान आणि महाबळेश्वरला स्वतःच्या नगरपरिषदा आहेत. त्या नाक्यावर प्रवाशांकडून कर घेतात आणि तो पैसा त्याच गावाच्या तिजोरीत जातो. धारावी बेटाला स्वतःची तिजोरीच नाही. मीरा-भाईंदर नगरपालिका १९८५ मध्ये झाली, पुढे उत्तन-डोंगरीकडची गावे तिच्यात आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. ग्रामपंचायती गेल्या, त्यांच्याबरोबर ग्रामसभाही गेल्या. आता कचरा आणि पाणी पालिकेकडे, गोराई-मनोरीचे तेच मुंबई पालिकेकडे, नियोजन एमएमआरडीएकडे, जेटी सागरी मंडळाकडे, किनाऱ्यावरची परवानगी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. खोलीच्या भाड्यावरचा वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात. उत्तनला दर रविवारी किती माणसे येतात यावर पालिकेच्या उत्पन्नात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो झाडूवाल्यांच्या कामात.

दिवसभरासाठी येऊन रात्री परत जाणारे पाहुणे ही जगभरच्या पर्यटनस्थळांची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. ते खोली घेत नाहीत, म्हणून खोलीवरचा करही देत नाहीत. रस्ता, शौचालय, कचरापेटी मात्र सगळे वापरतात. व्हेनिसने २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या दिवसांत अशा पाहुण्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली ती याचसाठी. उत्तनचे जवळजवळ सगळे पाहुणे याच प्रकारचे आहेत, आणि त्यांची संख्या वाढतच जाणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोटसेवा सुरू झाली. पूर्वी मोटारीने पस्तीस-चाळीस किलोमीटरांचा वळसा पडत असे, आता खाडी काही मिनिटांत ओलांडता येते. वसईचा किल्ला आणि चौकचा किल्ला एकाच दिवसात पाहणारे लोक आता येतील. इतिहासाच्या दृष्टीने याचा मला मनापासून आनंद आहे. चिमाजी अप्पांची मोहीम नुसती वसईत उभे राहून कळत नाही. चौकच्या टेकडीवरून खाडीचे मुख पाहिले की धारावी आधी का घ्यावी लागली ते लक्षात येते. पण या लोकांच्या गाड्या कुठे लागणार, त्यांचे पैसे कोण घेणार आणि कुठे खर्च करणार, हे बोट सुरू होण्याआधी ठरायला हवे होते.

देशाच्या हिशेबात मीरा रोडचे कुटुंब आणखी एका रकान्यात दिसते. हेच कुटुंब वर्षातून एकदा दुबईला किंवा थायलंडला जाते. मराठी मध्यमवर्गाला परदेशवारीची वाट दाखवणारी केसरी टूर्स १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये; आता तर लहान-लहान गल्लीतही सहल कंपनीचे कार्यालय असते. २०१९ मध्ये भारतातून बाहेर गेलेल्यांच्या फेऱ्या सुमारे २ कोटी ६९ लाख होत्या, म्हणजे आलेल्या परदेशी पर्यटकांच्या जवळजवळ अडीचपट. २०२३-२४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतीयांनी प्रवासासाठी परदेशी पाठवलेली रक्कम सुमारे १७ अब्ज डॉलर होती. परदेशी पाहुणा म्हणजे निर्यात आणि आपली परदेशवारी म्हणजे आयात, असे हे साधे गणित आहे. म्हणूनच २०२३ च्या ऑक्टोबरपासून महागड्या परदेशी सहलींवर वीस टक्क्यांपर्यंत कर आगाऊ कापला जाऊ लागला. माझा परदेशी प्रवासाला आक्षेप नाही. पण बाली बेटावर रांगेत उभे राहून प्रवेश शुल्क भरणारे आपण चौकला गाडी लावायचे पन्नास रुपये मागितले की का चिडतो, हे कळत नाही.

सरकारी धोरणांनी दिशा थोडी बदललेली दिसते. राज्याने २०२० मध्ये किनाऱ्यांवरच्या शॅकचे धोरण आणले. त्यात ऐंशी टक्के रोजगार स्थानिकांना देण्याची अट आहे. पहिल्या यादीतल्या आठ किनाऱ्यांत केळवे आणि बोर्डी होते, उत्तन नव्हते. २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार हे उद्दिष्ट ठेवले आहे. या अठरा लाखांत कायम नोकऱ्या किती, हंगामी किती, बायकांच्या नावावर किती, हे मोजण्याची सोय मात्र आधीच करायला हवी.

उत्तनपुरते सांगायचे तर सगळ्यात हाताशी असलेले साधन २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत आहे. हीच अधिसूचना किनाऱ्यावर तात्पुरत्या शॅकना आणि पर्यटन सोयींना परवानगी देते, त्यामुळे मच्छीमारांचा तिच्यावर राग आहे. पण त्याच चौकटीत असेही म्हटले आहे की मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेट्या, बर्फाचे कारखाने आणि मासळी वाळवण्याच्या जागा या सगळ्या नकाशावर दाखवायच्या, आणि त्याही गावनकाशाच्या बारीक प्रमाणावर. म्हणजे बोंबलाच्या मांडवाची जागा कायद्याच्या कागदावर यायला दार उघडे आहे. महाराष्ट्रातल्या अनेक कोळीवाड्यांनी सीमांकनाची मागणी लावून धरली आहे ती यासाठीच. उत्तन, पाली आणि चौकच्या बायकांनी आपली वाळवणाची मैदाने, होड्या ओढण्याच्या वाटा आणि जाळी विणायच्या जागा गट क्रमांकानिशी लिहून, नकाशाच्या मसुद्यावर हरकती-सूचनांची मुदत असते तेव्हाच दाखल केल्या, तर पुढचा पर्यटन आराखडा बनवणाऱ्याला किनारा रिकामा दिसणार नाही. त्या मुदती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात छापून येतात. मच्छीमार सोसायटीच्या फलकावर त्यांची मराठी प्रत मोठ्या अक्षरांत लावणे हे काम सोसायटीला आजपासून करता येईल. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.